जनपदाची घटना आणि तिचे फेरविचार

कोणत्याही संस्थेची घटना एकदा लिहिली म्हणजे काम संपले असे होत नाही. देवस्थानांच्या महाजनांना हे निराळे सांगावयास नको. गोव्यात १९३३ च्या नियमावलीने प्रत्येक देवस्थानास आपला ‘कोंप्रोमिस’, म्हणजे अंतर्गत कारभाराची नियमावली, ठेवणे भाग पडले. त्यात बदल व्हावयाचा तर तो महाजनांच्या सभेपुढे यावा आणि मग सरकारने त्यास मान्यता द्यावी, असा क्रम आहे. ज्यांच्यावर नियम चालावयाचे, त्यांनीच प्रथम त्यांचा विचार करावा, हे त्यातील तत्त्व होय. हेच तत्त्व मनात ठेवून बालाघाट जिल्ह्यातील स्थानिक संस्थांचा इतिहास पाहिला, तर तो उद्‌बोधक ठरेल.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग काढून बनविण्यात आला. वैनगंगेकाठच्या या मुलुखात मराठी, पोवारी, गोंडी व हिंदी या भाषा शेजारी शेजारी नांदत आल्या. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर लगेच, १८८३ मध्ये, मध्यप्रांतास स्थानिक स्वराज्याचा कायदा मिळाला. १९२० साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, आणि जिल्हा कौन्सिल व लोकल बोर्ड यांचा कारभार त्याखाली चालू लागला.

पुढचा फेरविचार खऱ्या अर्थाने मूलगामी होता. मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री पं. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या योजनेनुसार १९४८ साली जिल्हा कौन्सिले मोडण्यात आली आणि तहसील हे कारभाराचे मुख्य केंद्र ठरवून तेथे ‘जनपद सभा’ स्थापन झाल्या. लोकनियुक्त सभा आणि सरकारी यंत्रणा यांचे द्वैत मिटवावे, हा योजनेचा हेतू. परंतु सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारी नोकर राहिला. नवे अधिकार आले, पण ते बजावण्यास लागणारा पैसा त्या प्रमाणात आला नाही. घटनेचे शब्द उदार असून थैली रिकामी असेल, तर अशा घटनेचा लोकांस उपयोग किती?

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले; बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला. येथून एकाच वृक्षाच्या दोन फांद्या दोन दिशांना वाढल्या. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद व पंचायत समिती आल्या आणि विदर्भातील जनपद सभा इतिहासजमा झाल्या. मध्यप्रदेशाने १९६२ च्या पंचायत कायद्यात जनपद हे नाव विकासखंडाच्या पातळीवर राखले. म्हणूनच आजही भंडारा-गोंदियाचा माणूस पंचायत समितीत जातो, तर बालाघाटचा त्याचा सोयरा त्याच कामासाठी जनपद पंचायतीचा उंबरठा ओलांडतो.

१९९३ मध्ये भारताच्या राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले. मध्यप्रदेशाने त्याच वर्षी नवा पंचायत राज अधिनियम केला आणि १९९४ मध्ये, देशात सर्वांआधी, त्यानुसार निवडणुका घेतल्या. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झाली पाहिजे, ही त्या दुरुस्तीची आज्ञा सुस्पष्ट आहे. तरीही २०१५ साली निवडलेल्या पंचायतींची मुदत २०२० मध्ये संपल्यावर पुढील निवडणूक व्हावयास २०२२ चा पावसाळा उजाडला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका लांबणीवर टाकता येणार नाहीत असे बजावले, तेव्हा राज्यातील २३,००० हून अधिक स्थानिक संस्था लोकप्रतिनिधींवाचून होत्या.

बैहर तहसिलीची कथा याहूनही बोलकी आहे. हा अनुसूचित प्रदेश. येथील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा ‘पेसा’ कायदा संसदेने १९९६ मध्ये केला. त्याचे नियम मध्यप्रदेशात अंमलात आले ते १५ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे जवळजवळ २६ वर्षांनी. तोपर्यंत एक पिढी आपला हक्क कायद्याच्या पुस्तकात वाचीत राहिली.

या साऱ्या फेरविचारांत एक उणीव समान दिसते. १८८३ असो, १९४८ असो वा १९९३, मसुदा राजधानीत लिहिला गेला आणि गावाने तो स्वीकारला. कायदा करण्याचा अधिकार विधिमंडळाचाच, याविषयी वाद नाही. परंतु मसुदा विधिमंडळापुढे जाण्याआधी तो ग्रामसभेपुढे, तिच्या भाषेत, वाचला जाण्यास कोणती अडचण आहे? महाजनांची सभा जे आपल्या देवळापुरते करते, ते ग्रामसभेला आपल्या गावापुरते करता यावे. पुढील दुरुस्तीच्या वेळी अधिकारांची यादी वाढविण्याआधी तीन प्रश्न विचारले जावेत: पैसा कोठून येणार, नियम किती दिवसांत होणार, आणि निवडणूक लांबली तर उत्तरदायी कोण? या प्रश्नांची उत्तरे ज्या घटनेत नाहीत, ती कितीही वेळा सुधारली तरी अपुरीच राहील.