एक प्याला, दोन रांगा : 'शेजारी कोण?' या प्रश्नाचा दक्षिणेतील इतिहास

१) इ.स. १७३३. कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीत पहिला भारतीय प्रोटेस्टंट पाळक निवडला जाणार होता. राजनायकन या उपदेशकाचे नाव विचाराधीन होते. निवड मात्र आरोन यांची झाली. राजनायकन यांच्या आड श्रद्धा आली नाही, जात आली. (थ्रेड)

२) ज्या धर्माच्या नावाने हा निर्णय झाला, त्याची शिकवण काय होती? लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला विचारतो, की ज्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करायची तो शेजारी कोण. येशू दृष्टान्त सांगतो. लुटारूंनी अर्धमेला केलेला वाटसरू रस्त्यात पडला आहे. याजक आणि लेवी त्याला टाळून निघून जातात. थांबतो तो एक शोमरोनी.

३) यहुदी श्रोत्यांना हे बोचणारे होते. शोमरोन्यांचे गरिज्जीम पर्वतावरील मंदिर यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने इ.स.पू. दुसऱ्या शतकात उद्ध्वस्त केले होते. एका समाजाने दुसऱ्याच्या भांड्यातून पाणीही पिऊ नये, इतका दुरावा होता. अशा 'परक्या'लाच येशूने आदर्श शेजारी ठरवले.

४) आता तमिळ प्रदेशात येऊ. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले त्सिगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ हे जर्मन मिशनरी १७०६ मध्ये तरंगमबाडीस उतरले. १७१८ मध्ये तेथे 'नवे यरुशलेम' हे चर्च उभे राहिले. छप्पर एकच होते, पण वेळ्ळाळ आदी जातींचे ख्रिस्ती एका बाजूस बसत आणि परैयर ख्रिस्ती दुसऱ्या बाजूस.

५) राजनायकन परैयर होते. पूर्वी ते तंजावरच्या सैन्यात होते. हे तंजावर म्हणजे व्यंकोजीराजे भोसल्यांच्या वंशजांचे मराठा राज्य. पुढे ते उपदेशक झाले आणि त्याच मुलखातील खेड्यांतून त्यांनी धर्मप्रसार केला.

६) अडचण उपदेशाची नव्हतीच. पाळक प्रभुभोजनाच्या विधीत भाकर आणि द्राक्षारस देतो. परैयराच्या हातून ते घेण्यास वरच्या जातींचे ख्रिस्ती कचरतील, अशी मिशनऱ्यांना भीती होती. म्हणून डिसेंबर १७३३ मध्ये दीक्षा मिळाली ती वेळ्ळाळ आरोन यांना. राजनायकन १७७१ मध्ये मृत्यू पावले. पाळकपद त्यांना कधीच लाभले नाही.

७) पुढील शतकात वाद उघड पेटला. तरुण मिशनऱ्यांनी सर्वांनी एकत्र बसावे आणि एकाच प्याल्यातून प्यावे, असा आग्रह धरला. त्यास विरोध करणाऱ्यांत तंजावरचे वेदनायगम शास्त्री अग्रणी होते. ते सरफोजीराजे (दुसरे) यांच्या दरबारचे ख्रिस्ती कवी आणि श्वार्ट्झ या मिशनऱ्याचे शिष्य.

८) शास्त्रींचा युक्तिवाद समजून घेण्याजोगा आहे. जात ही त्यांच्या मते लौकिक रीत होती. तिचा तारणाशी संबंध नव्हता. श्वार्ट्झसारख्या वडीलधाऱ्यांनी जी रीत चालू दिली, ती नवख्या परदेशी मंडळींनी बळाने का मोडावी? परकीय सत्तेच्या काळात या प्रश्नाला वजन होते. पण त्यात परैयर ख्रिस्ती माणसाचे मत कोठेही विचारलेले नव्हते.

९) १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्राद्वारे आज्ञा दिली : चर्चमधील जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडावा. मद्रासमधील वेपेरी आणि तंजावर येथे अनेकांनी चर्चच सोडले. पुढे जातीबाबत सौम्य धोरण ठेवणाऱ्या लाइप्झिग मिशनकडे कित्येक जण वळले.

१०) १८५० मध्ये मद्रासच्या मिशनरी परिषदेने कसोटीच ठरवली : जातीचा त्याग सहभोजनाने सिद्ध केल्याशिवाय बाप्तिस्मा नाही. लाइप्झिगचे मिशनरी या ठरावात सामील झाले नाहीत. म्हणजे मिशनऱ्यांतही एकमत नव्हते.

११) हा केवळ प्रोटेस्टंटांचा प्रश्न नव्हता. तिरुनेलवेली भागातील वडक्कनकुळम येथील कॅथलिक चर्चमध्ये जातींसाठी दोन वेगळे भाग होते. तेथील वाद मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यायालयाने वेगळ्या जागेचा जातिनिष्ठ हक्क अमान्य केला.

१२) या दोनशे वर्षांत शेजारप्रीतीची आज्ञा कोणीही नाकारली नाही. १७३३ मध्येही ती तरंगमबाडीच्या व्यासपीठावरून वाचली जात होती. भांडण झाले ते चटईवर, बाकावर आणि प्याल्यावर. म्हणून या इतिहासाचा अभ्यास करताना प्रवचनांइतकेच बैठकीचे नकाशे आणि प्रभुभोजनाचा क्रमही वाचावा लागतो.

१३) दृष्टान्ताच्या शेवटी येशू प्रश्नच फिरवतो : तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? शास्त्री उत्तर देतो, दया करणारा. 'शोमरोनी' हा शब्द तो उच्चारतच नाही. तरंगमबाडीच्या मिशनऱ्यांनी राजनायकन यांची सेवा नोंदवली, वाखाणली आणि मान्यही केली. त्यांच्या हातची भाकर मात्र मंडळीपुढे कधीच आली नाही.