प्लँटेन ते जी-नाईन

प्रकाशा गावी गोमाई तापीला येऊन मिळते. केदारेश्वराच्या घाटावर लांबलांबून माणसे येतात, गावाला दक्षिण काशी म्हणतात. १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथल्या पांढरीत उत्खनन केले, तेव्हा वस्तीचा तळ ताम्रपाषाण युगापर्यंत खाली गेलेला आढळला. एवढ्या जुन्या गावात मी ऐकत बसलो होतो ती गोष्ट मात्र अगदी ताजी होती. ओट्यावर पहिलीतली एक मुलगी भिंतीला टेकवलेल्या रंगीत तक्त्यावर बोट फिरवत म्हणत होती, ‘ॲपल म्हणजे सफरचंद, बनाना म्हणजे केळं.’ उंबऱ्याआड भाजी निवडणारी आजी आपल्याशीच बोलल्यासारखी ‘केयं’ म्हणाली. अहिराणीत ळचा य होतो. डोळ्याचा डोया, फळाचे फय, तसेच हे. मुलीने क्षणभर आजीकडे पाहिले आणि बोट पुढच्या चित्रावर नेले. बाहेर केळीच्या घडांनी भरलेला ट्रक बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याला लागत होता. एका फळाला एका घरात तीन नावे झाली. त्यातले इंग्रजी नाव या ओट्यापर्यंत कसे पोहोचले, हे पाहायला आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

नावांची यादी घोकण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. पाठशाळेतला मुलगा अमरकोश पाठ करी आणि त्याच्या दुसऱ्या कांडातल्या वनौषधिवर्गात झाडांची, फळांची नावे एकामागून एक येत. अर्थ पुढे कळो न कळो, नाव जिभेवर बसले पाहिजे, हा तिथला दंडक. त्यात चित्र मात्र नव्हते. चित्राजवळ नाव ठेवण्याची युक्ती युरोपातली आहे. योहान आमोस कोमेनियस या मोरावियन शिक्षकाने १६५८ मध्ये न्युरेंबर्गला मुलांसाठी एक सचित्र पुस्तक छापले. जगातल्या वस्तूंचे चित्र आणि त्याखाली लॅटिन व जर्मन नावे, अशी त्याची मांडणी होती आणि झाडांच्या फळांवर त्यात एक स्वतंत्र पाठ होता. पुढच्याच वर्षी, १६५९ मध्ये, चार्ल्स हूलने त्याची इंग्रजी आवृत्ती काढली. आज नंदुरबारच्या स्टेशनरी दुकानात गुंडाळी करून मिळणारा फळांचा तक्ता हा त्या पुस्तकाचा दूरचा वारस आहे. विकणाऱ्याला त्याची खबर नाही, आणि असायचे कारणही नाही.

आता तापीच्या पाण्याबरोबर खाली जाऊ. प्रकाशावरून वाहणारी ही नदी सुरतेपाशी समुद्राला मिळते, आणि सुरतेला इंग्रजांची वखार १६१३ पासून रुजली. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाण्याचा मोठा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर असा होता. विल्यम फिंच हा व्यापारी १६१० मध्ये या वाटेने गेला. जहांगीर बादशहाकडे आलेला वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये नंदुरबारवरूनच बऱ्हाणपूरकडे गेला. त्याच्याकडे पुढे धर्मोपदेशक म्हणून आलेला एडवर्ड टेरी याने मायदेशी परतल्यावर या देशातल्या फळांबद्दल चवीने लिहिले. त्यात आंबा आहे, केळे आहे, अननस आहे. इथे आपण जरा थांबू. ज्या मुलखात आजची मुले इंग्रजी नावे घोकतात, त्याच मुलखात तीन-चार शतकांपूर्वी फळासमोर उभा राहून ‘याला काय म्हणतात?’ असे विचारणारा विद्यार्थी इंग्रज होता. शिकणारा तो होता आणि शिकवणारे आपण.

पण त्याने नावे खानदेशातून उचलली नाहीत. ती त्याच्या आधी पोर्तुगीजांनी उचलून ठेवली होती, तीही मलबार किनाऱ्यावरून. मलयाळममधले ‘माङ्ङ’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘मांगा’ झाले आणि इंग्रजांच्या तोंडी मँगो. ‘चक्क’ म्हणजे फणस. त्याचे पोर्तुगीज ‘जाका’ झाले आणि त्यातून जॅकफ्रूट. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या संवादरूप ग्रंथात ही फळे नावानिशी आली आहेत. इंग्रजाची बोट सुरतेला लागण्याच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट. पुढे १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियसने आंब्याला ‘मँगिफेरा इंडिका’ हे शास्त्रीय नाव दिले. त्याच्या पोटातही तोच मलयाळी शब्द बसलेला आहे. आपला आंबा, हापूस असो वा गावरान, इंग्रजीत गेला तो केरळी नाव लावून.

ऑरेंजची वाट याहून लांबची. संस्कृतातले नारंग फारसीत नारंग झाले, अरबीत नारंज, अरबांबरोबर ते स्पेनला गेले आणि तिथे नारांखा. तिथून फ्रेंचांपर्यंत जाताना आरंभीचा न गळून पडला, बहुधा एकवचनी उपपदाला चिकटून. उरलेले ऑरेंज चौदाव्या शतकात इंग्रजीत शिरले. आपल्या नारिंगात तो न अजून शाबूत आहे. म्हणजे मुलीने ‘ऑरेंज’ म्हटले की ती आपल्याच आजोळचा शब्द, एक दात पडलेला, परत घेत असते. टॅमरिंड तर सरळ ‘तम्र हिंदी’, हिंदुस्थानचा खजूर. चिंचेचे झाड खजुराचे नाही, पण अरबी व्यापाऱ्याला चिंचेचा गर सुकून काळा झालेला दिसला आणि त्याने ओळखीचे नाव चिकटवले.

काही फळे तर इंग्रजांना आणि आपल्याला, दोघांनाही नवी होती. पपई, पेरू, अननस आणि सीताफळ ही चौघे अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या-सतराव्या शतकांत इथे रुजली. (भरहूतच्या शिल्पांत सीताफळ कोरले आहे, असे अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे मत होते, वनस्पतिशास्त्रज्ञांना ते फारसे मानवले नाही.) यात अननसाचा किस्सा मजेदार आहे. ब्राझीलच्या तुपी भाषेतला ‘ननस’ पोर्तुगीजांकडून आपण जसाच्या तसा ठेवला. इंग्रजांनी मात्र पाइन झाडाच्या शंकूसारखे दिसते म्हणून पाइनॲपल केले. मूळ नावाला आपण अधिक इमानदार राहिलो, हे तक्ता पाठ करणारे कुणी आपल्या लक्षात आणून देत नाही. सीताफळाच्या बाबतीत दोघांनीही घरचेच जोडले. जुन्या इंग्रजीत ॲपल या शब्दाचा अर्थ कुठलेही फळ असाही होता, म्हणून अनोळखी फळाला ते ॲपल लावत सुटले: सीताफळाला कस्टर्ड ॲपल, कवठाला वुड ॲपल. आपणही तेच करतो, फक्त ‘फळ’ लावून. रामफळ, श्रीफळ, हनुमानफळ.

केळ्याची कथा या सगळ्यांत वेगळी आणि प्रकाशाच्या अधिक जवळची. हिंदुस्थानातल्या इंग्रजाच्या तोंडी केळ्याला शब्द होता प्लँटेन. टेरीच्या लिखाणात तोच, जुन्या दफ्तरांत आणि शब्दकोशांत तोच. बनाना हा शब्द पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा. तो पोर्तुगीज-स्पॅनिशांमार्फत युरोपात पोहोचला खरा, पण हिंदुस्थानी इंग्रजीत त्याला फार दिवस मान नव्हता. जॉन ग्रॅहॅमने १८३९ मध्ये मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी छापली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, आणि सुमारे ६० हजार शब्दांची त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली. या काळात कुणी मराठी गृहस्थ इंग्रजी शिकला असेल तर केळ्याला त्याने प्लँटेनच म्हटले असणार. विसाव्या शतकात जगभरच्या व्यापारात बनाना हे नाव पसरले आणि इथेही तेच चालू झाले. प्लँटेन मागे पडून दक्षिणेत आणि भाजीच्या कच्च्या केळ्यापुरते उरले. पणजोबांनी पाठ केलेले इंग्रजी नाव पणतीच्या तक्त्यात चुकीचे ठरले आहे, आणि केळे तर तेच आहे.

मोल्सवर्थकडे पुन्हा वळणे भाग आहे, कारण शिकण्याची दिशा तिथे उलटली. १८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे गेला. जेम्स मोल्सवर्थने कॅन्डी बंधू आणि पुण्या-मुंबईचे शास्त्री यांना बरोबर घेऊन कोश रचला तो इंग्रज अधिकाऱ्यांनी मराठी शिकावे म्हणून. १८४७ मध्ये त्याने आणि थॉमस कॅन्डीने इंग्रजी-मराठी कोश काढला. तो वापरणारा आता केवळ इंग्रज राहिला नाही, मराठी विद्यार्थीही आला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणखाते उभे राहिले आणि चांगली सरकारी नोकरी हवी असेल तर इंग्रजी हवे, हे गावोगाव कळले. तरीही तालुक्याच्या गावाबाहेर इंग्रजीची शाळा दुर्मीळच. प्रकाशा त्या वेळी खानदेश जिल्ह्यात, १९०६ पासून पश्चिम खानदेशात, पुढे धुळ्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात. जिल्ह्याची नावे बदलत गेली तरी गावातल्या बहुतेक मुलांना इंग्रजी फळ दिसायला पाचवी-आठवीची वाट पाहावी लागे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यातल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने पाचवी ते सातवीतले इंग्रजी काढून ते आठवीवर नेले. महाराष्ट्रात ते पुन्हा पाचवीला आले आणि कित्येक पिढ्यांनी अकराव्या वर्षी ‘धिस इज अ मँगो’ म्हटले. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना इंग्रजी सगळ्या मराठी शाळांत पहिलीपासून सुरू झाले. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची चित्रे घेऊन फळे सहाव्या वर्षावर येऊन ठेपली. अंगणवाडीने आणि खाजगी बालवर्गांनी ती आणखी खाली, तिसऱ्या-चौथ्या वर्षावर नेली.

याच्या उलट वाटेने गेलेली माणसेही होती आणि त्यांची आठवण इथे काढली पाहिजे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, नंतर अनुताई वाघांबरोबर १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम केले. तिथे मुलाच्या हाती आधी पान, बी, खडा, शेंग येई. छापील चित्र नंतर. नर्मदेच्या काठी, अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरात १९९० च्या दशकात जीवनशाळा उभ्या राहिल्या, त्यांनी पावरी-भिलीतून शिकवण्याचा धरलेला आग्रह याच घराण्यातला. मला हा मार्ग पटतो, पण तक्ता स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि त्याला मास्तरांची गरज लागत नाही, हेही खरे.

तक्त्याचा पहिला चौकोन मात्र सगळ्यांत परका. इंग्रजीत अक्षरांचे एक बालगीत ‘ए’ला ॲपल पाय म्हणून सुरू होई, त्याचा उल्लेख १६७१ मध्ये जॉन ईचार्डच्या लिखाणात सापडतो. म्हणजे आधी होती सफरचंदाची गोड कचोरी, नुसते फळ नव्हे. ते फळ आपल्याकडे डोंगराळ थंड प्रदेशातले. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने १९१६ मध्ये हिमाचलातल्या कोटगढला अमेरिकेतली डिलिशस जातीची कलमे लावली, त्यानंतर तिथली बागायत वाढली. तापीकाठच्या मुलाने पहिले इंग्रजी अक्षर ज्या फळावर गिरवले, ते त्याच्या शेताच्या बांधावर कधी उगवलेले नाही.

शेतात मात्र दुसरेच इंग्रजी वाढले, आणि ते शाळेत न गेलेल्यांच्या तोंडी. प्रकाशाच्या शहादा तालुक्यात केळी आणि पपई ही मोठी पिके. तिथल्या शेतकऱ्याला पपईची जात विचारली तर ‘तैवान ७८६’ किंवा ‘रेड लेडी’ असे उत्तर येते, आणि केळीची विचारली तर ‘जी-नाईन, टिश्यूची’. हे जी-नाईन म्हणजे ग्रां नेन, फ्रेंच नाव, अर्थ मोठी बुटकी. नेनचे नाईन झाले आणि नाईनचा आकडा ९. टिश्यूकल्चरच्या रोपांच्या पाकिटावर तो आकडा आता छापूनच येतो. फ्रेंच शब्दाला इंग्रजी आकड्याचा वेश देऊन तो अहिराणीत वापरायचा, हे काम कुठल्याही शाळेने शिकवलेले नाही. आजी ज्याला ‘केयं’ म्हणते, त्याच घरचा कर्ता दारातल्या व्यापाऱ्याशी ‘जी-नाईनचा भाव’ बोलतो.

तक्त्यावर राहून गेलेल्या फळांकडे एकदा पाहू. करवंद नाही, टेंभुर्णे नाही, बोर नाही आणि सातपुड्याची चारोळी तर नाहीच. चारोळीला इंग्रजी कोशांत चिरोंजी म्हणतात, म्हणजे हिंदी नावच. तिच्या शास्त्रीय नावात मात्र एक स्कॉट माणूस आहे: फ्रान्सिस ब्यूकॅनन, वनस्पती गोळा करत हिंदुस्थानभर हिंडलेला डॉक्टर, त्याच्यावरून ब्यूकॅनेनिया. सातपुड्यातल्या आदिवासी बायांनी वेचलेल्या या बियांना पेठेत चांगला दाम मिळतो.

तक्त्याच्या शेवटच्या ओळीत एक लाल फळ होते. मुलीने ते म्हटले, ‘स्ट्रॉबेरी’, आणि मराठी अर्थ सांगायला तिला काही सापडेना; अर्थाची जागा तक्त्यावरही कोरीच होती. आजीलाही ते ठाऊक नव्हते. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबच्या परिसरात आदिवासी शेतकरी आता हे फळ पिकवतात. ते त्याला स्ट्रॉबेरीच म्हणतात.