रांगत्या बाळाचा इतिहास

ज्यांच्या घरात दीड-दोन वर्षांचं मूल आहे त्या आजचं बोलणं अर्धंच ऐकणार, हे मला ठाऊक आहे. कणकेच्या परातीत हात, तांदळाच्या डब्यात वाटी, सासऱ्यांची चप्पल तोंडात, आणि सगळं शांत झालं की आपल्या छातीत धस्स होतं, कारण शांतता म्हणजे काहीतरी मोठा उद्योग चाललेला असतो. तरी कान इकडे असू द्या. आज गोष्ट त्याचीच आहे.

शाळेच्या पुस्तकात राजे असतात, लढाया असतात, तह असतात. बाळं कधी चालायला लागली, त्यांना कोण सांभाळत होतं, त्यातली किती जगली, हे त्यात नसतं. पण हा इतिहास आपल्या घरातच सांडलेला आहे. आपल्या बोलण्यात आहे, आजीच्या दंडावर आहे, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नावांतसुद्धा आहे.

नावांपासूनच सुरू करते. दगडू, धोंडू, केरबा, भिकू ही नावं ऐकून आजची पोरं हसतात. पण ज्या आईची आधीची मुलं गेली, ती पुढच्या बाळाला मुद्दाम असं नाव ठेवायची. दगड, धोंडा, केर, भिकेत मिळालेला. म्हणजे हा काही कुणाला हवासा नाही, याच्यावर कुणाची नजर नको, मृत्यूचीही नको. इतक्या मायेनं ठेवलेलं नाव दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल तर असो. मुलींच्या वाट्याला मात्र वेगळंच नाव आलं: नकुशी. ते नजर लागू नये म्हणून ठेवलेलं नव्हतं, ते खरंच नको म्हणून ठेवलेलं होतं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेपेक्षा जास्त नकुशींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. दगडू आणि नकुशी एका पंक्तीला बसवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

इतकी भीती कशाची होती? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या दर पाच बाळांपैकी साधारण एक पहिला वाढदिवस बघत नसे. २०२० साली महाराष्ट्रात हेच प्रमाण हजारी १६ होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आपले सगळे कौतुकाचे विधी वेगळे दिसायला लागतात. मुलगा असेल तर सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, मुलगी असेल तर पाचव्या किंवा सातव्या महिन्यात उष्टावण, मामाच्या हातून खिरीचं बोट. मग जावळ. मग संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान बोरन्हाण, काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलेलं बाळ, आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, हरभरे, चुरमुरे यांचा वर्षाव. आळीतली पोरं ते वेचायला तुटून पडतात. हौस तर आहेच, पण त्यामागे एक हुश्श आहे. इथवर आलं, आता पुढचा टप्पा. (जाता जाता सांगते, तीन वर्षांच्या आतल्या बाळाच्या हाती आठळीचं बोर किंवा अख्खा शेंगदाणा जाऊ देऊ नका. घशात अडकायला क्षण लागत नाही. वर्षाव चुरमुऱ्यांचा केला तरी बोरन्हाणच होतं.)

दागिन्यांचंही तसंच. वाळ्यांना घुंगरू असतं ते शोभेला, आणि स्वयंपाकघरातल्या बाईला बाळ कुठल्या खोलीत आहे ते कळावं म्हणूनही. कमरेचा करदोटा सैल पडायला लागला की बाळ वाळलं हे आईच्या बोटांना आधी कळतं. वजनकाटा घरोघरी नव्हता तेव्हाची ही मोजणी.

पण सगळ्यात मोठा टप्पा पंचांगात नव्हता. तो म्हणजे देवी. देवी येऊन गेल्या आणि मूल वाचलं, तर खरं ते आपलं. तोंडावर वण राहिले, एखाद्याची दृष्टी गेली, तरी वाचलं. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा पाला बांधायचे, फोडणी बंद, येणं-जाणं बंद. आज आपण याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो, पण येणं-जाणं बंद करण्यात शहाणपण होतंच.

आता तारीख सांगते, ती मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. १४ जून १८०२. मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. हिंदुस्थानात ही लस लागू पडलेलं पहिलं माणूस म्हणजे ही चिमुरडी. इंग्लंडात जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीपासून लस शोधली, पण ती इथं आणायची कशी? बाटलीत भरून आणली तर वाटेत उन्हानं निकामी व्हायची. शेवटी ती व्हिएन्नाहून बगदादला, तिथून बसऱ्याला आणि मग जहाजानं मुंबईला अशी टप्प्याटप्प्यानं पोचली. ॲनाबद्दल कागदपत्रांत फार काही नाही. ती निरोगी होती आणि स्वभावानं फार गोड होती, एवढं डॉक्टरांनी लिहून ठेवलं. तीन वर्षांचं मूल दंडाला सुई लावताना गोड राहिलं हे त्यांना नोंदवावंसं वाटलं, यावरून बाकीची मुलं कशी वागत असतील ते आपण ओळखू शकतो!

पुढच्या आठवड्यात ॲनाच्या दंडावरच्या फोडातला द्रव घेऊन मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचलं. तिथून लस पुण्याला गेली, सुरतेला गेली, हैदराबादला, मद्रासला, सिलोनला गेली. गेली म्हणजे कशी? बर्फ नव्हता, फ्रिज नव्हता. एका मुलाला टोचायचं, आठव्या दिवशी त्याची फोड भरली की त्यातून दुसऱ्याला टोचायचं, दुसऱ्याकडून तिसऱ्याला. दंडाकडून दंडाकडे. मधलं एक मूल जरी चुकलं तरी साखळी तुटली. म्हणजे या देशात देवीची लस पसरवली कोणी? तर कडेवरच्या पोरांनी. पुढची साठ-सत्तर वर्षं, कितीतरी ठिकाणी त्याहूनही जास्त काळ, हेच चाललं.

आणि इथंच आयांचा विरोध सुरू झाला. सरकारी अहवाल वाचणारे सांगतात की अडाणी बायका पोरं लपवायच्या. लपवायच्या, खरं आहे. पण जरा त्यांच्या जागी उभ्या राहून बघा. टोचणारा माणूस गावात येतो, आपल्या बाळाची फोड पिकलेली, बाळ तापानं किरकिरतंय, आणि तो म्हणतो, हे मूल द्या, पलीकडच्या गावाला न्यायचं आहे, याच्या दंडातून तिथल्या पोरांना टोचायचं आहे. फोडेला पुन्हा पुन्हा सुई लावायची, बाळ रडणार. शिवाय कुणाच्या अंगातलं पाणी आपल्या लेकराच्या अंगात जातंय हे कळायला मार्ग नाही. जातीपातीचा विटाळ हे एक कारण होतं, ते झाकायचं कारण नाही. पण एका दंडातून दुसऱ्या दंडात देवीच्या लसीबरोबर दुसरा रोगही जाऊ शकतो, ही भीती खोटी नव्हती. गरमीसारखे रोग असे गेल्याची उदाहरणं युरोपातही घडली होती. तेव्हा त्या बायांना वेड्यात काढायला मी तयार नाही. लस चांगली होती, ती देण्याची रीत आईला पटण्यासारखी नव्हती.

पुढे वासराच्या कातडीवर लस वाढवायची पद्धत आली आणि पोरांची ही ओढाताण थांबली. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्यानं लस सक्तीची झाली. गावोगाव 'देवी डॉक्टर' फिरायला लागले. पोरं माळ्यावर, कणगीमागे लपायची ती यांनाच बघून. घरातल्या आजीच्या दंडावर रुपयाएवढा जो गोल व्रण असतो ना, तो त्या देवी डॉक्टरची सही आहे. विसाव्या शतकात सत्तरच्या दशकात भिंतीभिंतींवर रंगवलेलं असायचं की देवीचा रुग्ण कळवा, हजार रुपये मिळतील. तेव्हाचे हजार रुपये म्हणजे केवढे! कार्यकर्ते घरोघर फोटो घेऊन फिरले, असं कुणाला झालंय का विचारत. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेजारच्या बांगलादेशात भोला बेटावर रहिमा बानू नावाची दोन-तीन वर्षांची मुलगी आजारी पडली आणि बरी झाली. देवीचा जो जीवघेणा प्रकार होता, त्याची ती जगातली शेवटची रुग्ण. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. म्हणून आपल्या बाळांच्या दंडावर तो मोठा व्रण नाही. जो लहानसा असतो तो क्षयाच्या लसीचा, जन्मल्याबरोबर दिलेल्या.

देवीनंतर चालण्याची भीती राहिली, ती पोलिओची. पांगुळगाडा तुम्हांला माहीत आहे, तीन चाकांचा लाकडी. मूल त्याला धरून उभं राहतं, ढकलतं आणि स्वतःच्या पायावर पुढे जातं. हा शब्द माझा फार आवडता. पाय फुटेपर्यंत बाळ पांगळं, म्हणून पांगुळगाडा. पण पोलिओच्या काळात दुडुदुडु धावणारं मूल एका तापात खरंच पांगळं व्हायचं. डिसेंबर १९९५ पासून देशभर एकाच दिवशी डोस पाजायची मोहीम सुरू झाली. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यातली एक लहान मुलगी ही पोलिओची शेवटची रुग्ण ठरली आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

पांगुळगाड्याची आठवण निघाली म्हणून बोलते. आता बाजारात जो गोल वॉकर मिळतो, ज्यात बाळाला बसवून सोडतात, तो आणि पांगुळगाडा एक नव्हे. वॉकरमध्ये मूल पायावर उभं नसतं, टोकं टेकत घसरत असतं, आणि जिन्यावरून, चुलीवर, बादलीवर जाऊन आदळतं. बालरोगतज्ज्ञ तो नको म्हणतात. कॅनडात तर २००४ पासून त्यावर बंदीच आहे. आणि शेजारणीचं मूल दहाव्या महिन्यात चाललं, आमचं वर्षाचं झालं तरी धरूनच चालतं, म्हणून घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं दिल्लीसह पाच देशांतल्या निरोगी मुलांना पाहून २००६ मध्ये सांगितलं की आधाराशिवाय चालणं साधारण आठव्या ते अठराव्या महिन्यात कधीही येतं. अठरा महिने उलटले आणि चाललं नाही, तर मात्र दवाखान्यात दाखवा.

आता एका प्रश्नाकडे येते. बाळाला सांभाळत कोण होतं? आई शेतावर, आजी म्हातारी. मग सात-आठ वर्षांची बहीण. तिच्या कडेवर बाळ, आणि म्हणून तिच्या हातात पाटी नाही. ही गोष्ट जिनं नेमकी पाहिली ती ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून त्या मुंबईमार्गे १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, स्वतः शिकून शिक्षिका झालेल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. महागडी साधनं बाजूला ठेवली. शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. आधी मुलांना आंघोळ, नखं कापणं, मग गाणी आणि खेळ.

१९५७ मध्ये दोघी डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली पाड्यांत. तिथं त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी ठेवली. बहिणीनं कडेवरचं बाळ घेऊनच यावं, बाळ पाळणाघरात ठेवावं आणि स्वतः वर्गात बसावं. मला विचाराल तर मुलींच्या शिक्षणासाठी झालेल्या मोठमोठ्या भाषणांपेक्षा ही एक युक्ती मोठी आहे. मुलगी शाळेत का येत नाही हे दुसरं कुणी तिच्या कडेकडे बघून ठरवलं नव्हतं. २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना आज देशभर अंगणवाडी म्हणतात. अंगणात भरणारी वाडी, ती बोर्डीतली कल्पना.

आता तुमच्या अंगणवाडीच्या वहीत बाळाचं वजन, उंची, लस सगळं तारखेनिशी असतं. पूर्वी मात्र 'भात कापणीला बसत होतं, शिमग्याला रांगायला लागलं' अशाच नोंदी असत, आणि त्या बायकांच्या तोंडी होत्या. सोळा ते चोवीस महिन्यांतला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा वर्धक डोस बऱ्याच घरांत राहून जातो, कारण तोवर मूल धावायला लागलेलं असतं आणि कार्ड कुठंतरी पेटीच्या तळाशी असतं. ते आज काढून बघा. आणि घरात कुणी आजी असतील, ज्यांनी देवी डॉक्टरला पाहून माळ्यावर दडी मारली असेल, किंवा धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीबाहेर उभ्या राहिल्या असतील, तर त्यांना घेऊन आपल्या केंद्रावर या. त्यांच्या आवाजात ते ध्वनिमुद्रित करून ठेवायचं आहे.