काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो : पडद्यावरील रूपांतरे

अलेक्झांद्र द्यूमा (थोरला, १८०२–१८७०) याच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या फ्रेंच साहसकादंबरीवर आधारलेले चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि सचेतपट. १९०८ पासून आजपर्यंत अमेरिका, फ्रान्स, इटली, मेक्सिको, इजिप्त, सोव्हिएत संघ, जपान, तुर्कस्तान आणि भारत अशा अनेक देशांत ही सूडकथा पडद्यावर आली. कादंबरी पॅरिसच्या ‘जुर्नाल दे देबा’ या दैनिकात २८ ऑगस्ट १८४४ ते १५ जानेवारी १८४६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. लेखनात ऑग्युस्त माके हा द्यूमाचा सहकारी होता. कथाबीज मिळाले ते पोलीस दप्तरातील कागदपत्रांवरून झाक प्यूशे याने लिहिलेल्या एका हकिगतीत. फ्रांस्वा पिको नावाच्या चांभाराला मत्सरी मित्रांच्या खोट्या तक्रारीमुळे कैद भोगावी लागली आणि सुटल्यावर त्याने एकेकाचा खून केला, अशी ती हकिगत.

मूळ कथा : मार्सेय बंदरातील एदमाँ दांतेस हा एकोणीस वर्षांचा खलाशी जहाजाचा कप्तान होण्याच्या आणि मर्सेदेसशी लग्न करण्याच्या बेतात असतो. जहाजावरचा हिशेबनीस दांग्लार आणि मर्सेदेसवर डोळा असलेला फेर्नां हे तो नेपोलियनचा हस्तक असल्याचे निनावी पत्र धाडतात. ऐन साखरपुड्याच्या मेजवानीतून त्याला उचलले जाते. तो निर्दोष आहे हे सरकारी वकील व्हिल्फोरला कळते, पण स्वतःच्या बापाचे नाव प्रकरणात येऊ नये म्हणून तो दांतेसला मार्सेयसमोरच्या बेटावरील शातो दिफ या किल्ल्यात डांबतो. चौदा वर्षांच्या कोठडीत शेजारचा कैदी आबे फारिया त्याला भाषा, गणित, इतिहास शिकवतो आणि मॉन्टे क्रिस्टो बेटावरच्या खजिन्याचा ठाव सांगतो. फारिया मरतो तेव्हा त्याच्या प्रेताच्या जागी स्वतः पोत्यात शिरून दांतेस समुद्रात फेकला जातो व सुटतो. पुढे तो गडगंज काउंट बनून पॅरिसात उतरतो. तोवर त्याचे तिन्ही वैरी बडे लोक झालेले असतात.

रूपांतरकारांची खरी अडचण या आराखड्यात सहसा दिसत नाही. कादंबरीची प्रकरणे ११७, आणि दांतेस समुद्रात पडतो ते विसाव्या प्रकरणात. म्हणजे प्रेक्षकांच्या मनात घर करून बसलेला तुरुंग, भुयार आणि पोते हा सगळा भाग पुस्तकाच्या सहाव्या हिश्श्यातच आटोपतो. उरलेला सूड तलवारीने घेतलेला नाही. तो पैशाने, कागदपत्रांनी, वृत्तपत्रातल्या बातमीने आणि कमालीच्या सबुरीने घेतलेला आहे. त्या काळी टेकड्यांवरच्या मनोऱ्यांतून लाकडी बाहू हलवून सरकारी निरोप पोचवले जात. काउंट अशा एका मनोऱ्यावरच्या गरीब नोकराला लाच देऊन स्पेनची खोटी बातमी पुढे पाठवायला लावतो, आणि रोख्यांच्या व्यवहारात दांग्लारचे लाखो फ्रँक बुडतात. फेर्नांने एका पाशाशी केलेला विश्वासघात वरिष्ठ सभागृहात उघड होतो, त्याची बायको झालेली मर्सेदेस आणि मुलगा घर सोडून जातात आणि तो स्वतःवर पिस्तूल झाडून घेतो. काउंट त्याच्याशी लढतच नाही. व्हिल्फोरची दुसरी बायको मुलाला वारसा मिळावा म्हणून घरात विषप्रयोग करत सुटते आणि अखेर स्वतःसह त्या कोवळ्या मुलालाही विष देते. त्या मुलाच्या प्रेतासमोर काउंट प्रथमच हादरतो. आपण ईश्वराचे हस्तक आहोत ही त्याची खात्री तिथे ढासळते. मन सावरायला तो शातो दिफला परत जातो, आपलीच गोष्ट तिथल्या वाटाड्याच्या तोंडून ऐकतो, आणि शेवटच्या वैऱ्याला, दांग्लारला, जिवानिशी सोडतो.

कादंबरीचे मोठेपण या ढासळण्यात आहे. तेच पडद्यावर सर्वांत कमी वेळा आले आहे. १९३४, २००२ आणि २०२४ या तिन्ही गाजलेल्या चित्रपटांत विषप्रयोगाचे उपकथानकच नाही, त्यामुळे त्या मुलाचा मृत्यूही नाही. सूडाचा हिशेब चुकला असे काउंटला वाटायला लावणारा प्रसंग काढला की प्रत्येक चित्रपटाला शेवटासाठी दुसरी सोय पाहावी लागते. ती बहुधा तलवारीची किंवा मर्सेदेसशी पुनर्मीलनाची असते. कादंबरीत काउंट मर्सेदेसला मार्सेयला एकटी सोडून हायदे या तरुणीबरोबर गलबतातून निघून जातो.

रंगभूमी व मूकपट : पहिले रूपांतर द्यूमानेच केले. १८४८ च्या फेब्रुवारीत त्याच्या तेआत्र इस्तोरिक या नाट्यगृहात ‘मॉन्टे क्रिस्टो’ दोन रात्रींत विभागून सादर झाले. पुढे शार्ल फेश्तेरच्या आटोपशीर नाट्यरूपात जेम्स ओ’नील या आयरिश-अमेरिकन नटाने १८८३ पासून दांतेसची भूमिका हजारो वेळा केली. तिने त्याला पैसा दिला आणि दुसऱ्या भूमिका हिरावून घेतल्या. प्रेक्षक त्याला वेगळ्या कुठल्या रूपात पाहायला तयार नव्हते. त्याचा मुलगा, नाटककार यूजीन ओ’नील, याने ‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’ या नाटकात एकाच किफायतशीर भूमिकेत अडकलेला बाप उभा केला, तो याच अनुभवातून.

सेलिग कंपनीच्या १९०८ च्या एका रिळाच्या मूकपटाचे (दिग्दर्शक फ्रान्सिस बॉग्ज) काम शिकागोत सुरू झाले आणि बाह्यचित्रण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पुरे झाले. हॉलिवूड वसण्याआधी तिकडे चित्रित झालेल्या सुरुवातीच्या कथापटांत त्याची गणना होते. १९१३ मध्ये फेमस प्लेयर्स या कंपनीने खुद्द जेम्स ओ’नीललाच कॅमेऱ्यासमोर उभे केले (दिग्दर्शन एडविन पोर्टर). साठी उलटून गेलेला नट एकोणीस वर्षांचा खलाशी झाला आहे. चित्रपट म्हणून तो ठोकळेबाज आहे, पण एकोणिसाव्या शतकातील अभिनयाची शैली त्यात टिकून राहिली, म्हणून तो मोलाचा. १९२२ मध्ये फॉक्ससाठी एमेट फ्लिनने जॉन गिल्बर्टला घेऊन ‘मॉन्टे क्रिस्टो’ काढला. तो हरवला असे मानले जात होते, पण त्याची प्रत चेक भूमीत सापडली. फ्रान्समध्ये आंरी पूक्ताल याचा लेओं मातोसह केलेला १९१८ चा भागशः चित्रपट आणि आंरी फेस्कूर याचा झां आंजेलोसह केलेला १९२९ चा भव्य चित्रपट हे मूकपटांच्या काळातले ठळक टप्पे. फेस्कूरला लांबी मिळाली, आणि पॅरिसातल्या भागाला श्वास घेता आला.

१९३४ चा चित्रपट : रोलंड ली याने दिग्दर्शित केलेल्या या बोलपटात इंग्रज नट रॉबर्ट डोनट दांतेस झाला, एलिसा लँडी मर्सेदेस आणि लुई कॅलहर्न व्हिल्फोर. डोनटला दम्याचा त्रास होता. हॉलिवूडमध्ये जाऊन त्याने केलेला हा एकमेव चित्रपट. कोठडीतला खंगलेला, दाढी वाढलेला तरुण आणि पॅरिसच्या दिवाणखान्यातला थंड नजरेचा उमराव यांतले अंतर तो आवाजाच्या पट्टीने दाखवतो. कथानक सरळसोट आहे, हायदेचे महत्त्व घटवलेले आहे, काउंटवर खटला भरला जातो, न्याय होतो आणि मर्सेदेस त्याला परत मिळते. इंग्रजी जगातल्या पुढच्या पिढ्यांना ही कथा बऱ्याच अंशी याच रूपात ठाऊक झाली. यश पाहून ‘सन ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ (१९४०) हा लीचाच पुढचा चित्रपट आला. त्याचा द्यूमाशी संबंध नावापुरता.

फ्रेंच रूपे : रोबेर व्हेर्ने याने ही कथा दोनदा दोन-दोन भागांत चित्रित केली. १९४३ मध्ये, जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये, पिएर रिशार-विल्म याला घेऊन, आणि १९५४ मध्ये रंगीत, झां मारे याला घेऊन. निनावी पत्राने माणूस नाहीसा होतो ही कथा १९४३ च्या फ्रेंच प्रेक्षकाला जुनी वाटण्याचे कारण नव्हते. क्लोद ओतां-लारा याच्या १९६१ च्या चित्रपटात लुई जूर्दां काउंट आहे. हाच जूर्दां डेव्हिड ग्रीनच्या १९७५ च्या इंग्रजी दूरचित्रवाणीपटात व्हिल्फोर म्हणून उभा राहिला. त्यात रिचर्ड चेंबरलेन काउंट, टोनी कर्टिस फेर्नां आणि ट्रेव्हर हॉवर्ड फारिया आहेत. आंद्रे ऊनबेलने १९६८ मध्ये कथा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आणून पाहिली.

वर्तमानपत्रातून रोज तुकड्याने वाचलेल्या कादंबरीला मालिकेचा साचा अधिक मानवतो, आणि त्याचा पुरावा दूरचित्रवाणीने दिला. बीबीसीच्या १९६४ च्या मालिकेत ॲलन बडेल काउंट होता. देनी द ला पातेलिएर याच्या १९७९ च्या मालिकेतील झाक वेबर हा आवाजाने व अंगलटीने द्यूमाच्या वर्णनाच्या जवळ जाणारा काउंट. जोझे दाय्यां हिने १९९८ मध्ये जेरार देपार्द्यूला घेऊन मालिका केली. तरुण दांतेस त्याचा मुलगा गियोम झाला. देपार्द्यू धिप्पाड आणि खेळकर आहे, तर कादंबरीतला काउंट प्रेतासारखा फिकट. वर्णनाशी हे जुळत नाही, तरी वेष पालटून माणसांना खेळवण्याची मजा त्याच्यात पुरेपूर उतरली आहे.

२००२ : केव्हिन रेनॉल्ड्झच्या चित्रपटात जिम कॅव्हिझेल दांतेस व गाय पिअर्स फेर्नां आहे. चित्रण माल्टा आणि आयर्लंडमध्ये झाले. इथे दोघे बालमित्र दाखवले आहेत, तेव्हा विश्वासघाताला धार येते. पण पुढे मर्सेदेसचा मुलगा आल्बेर हा दांतेसचाच निघतो, आणि मुळातला सर्वांत अवघड प्रश्न, म्हणजे वैऱ्याच्या निरपराध मुलाचे काय करायचे, हा एका वाक्यात मिटतो. शेवट तलवारीच्या द्वंद्वाने होतो. करमणूक म्हणून चित्रपट चोख आहे. रिचर्ड हॅरिसचा फारिया आठवणीत राहतो, आणि हेन्री कॅव्हिल हा पुढे प्रसिद्धीस आलेला नट आल्बेरच्या भूमिकेत दिसतो.

गांकुत्सुओ : माहिरो माएदा दिग्दर्शित, गोंझो स्टुडिओची २४ भागांची जपानी सचेत मालिका (२००४–०५). काळ इसवी सन ५०५३ चा. कादंबरीतल्या रोमच्या कार्निव्हलऐवजी चंद्रावरचा उत्सव. माएदाला मुळात आल्फ्रेड बेस्टर याची ‘द स्टार्स माय डेस्टिनेशन’ ही विज्ञानकादंबरी करायची होती. तीही मॉन्टे क्रिस्टोवरूनच सुचलेली. ते जमले नाही तेव्हा तो मूळ झऱ्याकडे वळला. माणसे हलतात तरी त्यांच्या कपड्यांवरची नक्षी जागची हलत नाही, अशी तिची चित्रशैली प्रथम डोळ्यांना त्रास देते आणि मग सोडवत नाही. मोठा निर्णय मात्र कथनाचा आहे. सगळी गोष्ट आल्बेरच्या नजरेतून येते. प्रेक्षकाला काउंटचे दुःख आधी कळत नाही, त्याची मोहिनी कळते, आणि मग ज्याला आपण थोर मानले तो आपल्या घराचा नाश करायला आला आहे हे त्या पोरासह उमगते. आल्बेरऐवजी त्याचा मित्र फ्रान्झ काउंटशी द्वंद्वात उतरून मरतो, तेव्हा सूडाची खरी किंमत समोर येते. कथानकाची एवढी मोडतोड करूनही द्यूमाच्या आशयाशी इमान राखणारे याच्याइतके दुसरे रूपांतर नाही.

२०२४ : मात्यू देलापोर्त आणि अलेक्झांद्र द ला पातेलिएर यांचा सुमारे तीन तासांचा फ्रेंच चित्रपट मे महिन्यात कान महोत्सवात स्पर्धेबाहेर दाखवला गेला व जूनअखेर फ्रान्समध्ये झळकला. यातला दुसरा दिग्दर्शक १९७९ च्या मालिकेच्या दिग्दर्शकाचा मुलगा. खर्च सुमारे ४ कोटी ३० लाख युरो, आणि फ्रान्समधील प्रेक्षकसंख्या ९० लाखांवर. पिएर नीने काउंट, अनाईस देमूस्तिए मर्सेदेस, लोरां लाफित व्हिल्फोर, पिएरफ्रांचेस्को फाविनो फारिया. सेझार पुरस्कारांत वेशभूषा आणि कलादिग्दर्शन यांची पारितोषिके मिळाली. नीने सडपातळ आहे, म्हणून त्याने वेषांतरासाठी चढवलेले मुखवटे विश्वासार्ह वाटतात, आणि त्यांच्याखाली स्वतःचा चेहरा हरवत चालल्याचे भय हळूहळू वर येते. व्हिल्फोरचा टाकून दिलेला अनौरस मुलगा आंद्रे याला काउंट हाताशी धरून सूडासाठी घडवतो आणि तो मुलगा जिवाला मुकतो. विष दिलेल्या बालकाची जागा या तरुणाने भरून काढली आहे, आणि काउंटच्या हातून निरपराधाचा बळी गेल्याची बोच काही अंशी टिकली आहे. मर्सेदेसशी पुनर्मीलन टाळण्याचे धैर्यही यात आहे. त्याच वर्षी बिली ऑगस्टने दिग्दर्शित केलेली आठ भागांची इंग्रजी मालिका आली. तीत सॅम क्लॅफ्लिन काउंट व जेरेमी आयर्न्स फारिया आहेत.

फारिया आणि गोवे : कादंबरीतला आबे फारिया इटालियन आहे. नाव मात्र गोव्याच्या एका खऱ्या धर्मगुरूचे. जुझे कुस्तोदियु द फारिया १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळी येथे जन्मला, लिस्बन व रोममार्गे फ्रान्सला गेला आणि राज्यक्रांतीच्या धामधुमीत तिथेच स्थिरावला. त्याने मार्सेयलाही काही काळ अध्यापन केले. संमोहन ही संमोहकाच्या अंगची गूढ शक्ती नसून ते संमोहित होणाऱ्याच्या मनात घडते, हे सांगणाऱ्या पहिल्या लोकांत तो होता. १८१९ मध्ये पॅरिसात तो वारला. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्याचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. हॉवर्ड, हॅरिस, फाविनो, आयर्न्स असे पडद्यावरचे नामांकित फारिया सगळे युरोपीय. पुढच्या एखाद्या दिग्दर्शकाने कोठडीतल्या या गुरूला त्याचा गोमंतकीय चेहरा द्यावा असे मनापासून वाटते, कारण परक्या राज्यात कैद भोगणारा हा विद्वान त्या चेहऱ्याने अधिकच पटेल.

अन्य देशांत : इजिप्तमध्ये हेन्री बरकात याने ‘अमीर अल-इंतिकाम’ (१९५०) या चित्रपटात अन्वर वग्दीला नायक केले आणि पुढे फरीद शौकीला घेऊन त्याच कथेवर पुन्हा चित्रपट काढला. सोव्हिएत संघात गेओर्गी युंग्वाल्ड-खिल्केविच याने १९८८ मध्ये ‘शातो दिफचा कैदी’ केला. नायकाचे काम व्हिक्तोर अविलोवचे. तुर्की मालिका ‘एझेल’ (२००९–११) हीच कथा आजच्या इस्तंबूलमध्ये नेते, तर अमेरिकी ‘रिव्हेंज’ (२०११–१५) मालिकेत सूड घेणारी तरुणी आहे. भारतात या कथेचा महत्त्वाकांक्षी अवतार मल्याळममध्ये झाला. नवोदय स्टुडिओच्या अप्पच्चन यांनी निर्मिलेला आणि त्यांचा मुलगा जिजो पुन्नूस याने दिग्दर्शित केलेला ‘पडयोट्टम’ (१९८२) हा पूर्णपणे देशात तयार झालेला पहिला ७० मिलिमीटर चित्रपट. कथा जुन्या केरळातल्या राजघराण्यांत आणली आहे, नायक प्रेम नझीर, आणि सोबत मधू, लक्ष्मी, मामुट्टी व मोहनलाल. तेलुगूत चिरंजीवीचा ‘वेटा’ (१९८६) याच कादंबरीवरून घेतलेला आहे.