न ठोकलेला सलाम : वेगमर्यादा, पोलिसांचा सापळा आणि इशाऱ्याची नीती



आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. हमरस्त्यावर समोरून येणारा ट्रकवाला दोनदा डिपर मारतो. आपण समजतो, पुढे पोलीस उभे आहेत. वेग कमी करतो, आणि ते ठिकाण ओलांडलं की समोरून येणाऱ्याला आपणही डिपर मारतो. ओळख ना पाळख, तरी हा व्यवहार बिनबोभाट चालतो. याला परोपकार म्हणायचं की गुन्ह्याला हातभार?

हा प्रश्न इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात थेट न्यायालयापर्यंत गेला. त्या लढ्यातून एक मोठी संस्था उभी राहिली आणि दोन निकाल झाले. तो इतिहास आम्ही आज मांडणार आहोत, कारण आपण आज जे युक्तिवाद करतो ते जवळजवळ सगळे तिथे होऊन गेलेले आहेत.

सुरुवात 1865च्या कायद्यापासून करू. रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांसाठी तो होता. गावाबाहेर ताशी 4 मैल, गावात 2 मैल, आणि पुढे लाल निशाण घेतलेला माणूस. 1896 साली हलक्या मोटारींची या जाचातून सुटका झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीच्या धडकेने मेलेली ब्रिटनमधली ती पहिली पादचारी मानली जाते. पुढे 1903च्या मोटार कायद्याने वेगमर्यादा ताशी 20 मैल, म्हणजे साधारण 32 किलोमीटर केली. गाड्यांना नंबर आणि चालकांना परवाना आला तोही याच कायद्याने.

या कायद्यात एक बारीक तरतूद होती. एकट्या साक्षीदाराला ‘गाडी फार जोरात होती’ असं वाटलं, एवढ्यावर कुणाला शिक्षा करता येत नसे. मग पोलिसांनी काय करावं? त्यांनी रस्त्याचा एक तुकडा मोजून घेतला, बहुधा एक फर्लांग, म्हणजे 220 यार्ड. दोन्ही टोकांना कुंपणाआड शिपाई आणि हातात स्टॉपवॉच. ताशी 20 मैलांनी फर्लांगाला साडेबावीस सेकंद लागतात. त्याहून लवकर पोचलात तर गुन्हेगार. घड्याळाची कळ एक सेकंद इकडेतिकडे झाली तर विसाचे एकवीस होतात, हेही ध्यानात घ्या. मोटारवाले चिडले ते उगीच नव्हे. त्यांची दुसरी तक्रार अशी की, सापळे धोक्याच्या वळणावर लावत नाहीत, मोकळ्या सरळ रस्त्यावर लावतात, कारण तिथे सावज जास्त मिळतं.

पण दुसरी बाजूही बघा. 1904 साली ब्रिटनमध्ये खासगी मोटारी होत्या जेमतेम आठ हजार. म्हणजे मोटार हे श्रीमंतांचं वाहन होतं. रस्ते डांबरी नव्हते. गाडी गेली की धुळीचा लोट घराघरांत शिरायचा, कोंबड्या-कुत्री चिरडली जायची. ज्या रस्त्यावर पोरं खेळत, तो रस्ता हा हा म्हणता परका झाला. कुंपणाआडचा शिपाई हा मोटारवाल्याच्या दृष्टीने लपून बसलेला शिकारी असेल, पण गावकऱ्यांच्या बाजूने बोलणारं दुसरं होतं तरी कोण?

1905 साली काही मोटारवाल्यांनी ब्रायटनच्या रस्त्यावर सायकलस्वार स्काउट नेमले. काम एकच : सापळा शोधायचा आणि येणाऱ्या गाड्यांना सावध करायचं. यातूनच त्याच वर्षी ऑटोमोबाईल असोसिएशन जन्माला आली. आज रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारी म्हणून ब्रिटनभर ओळखली जाणारी ती हीच संस्था.

आता निकालांकडे येऊ. 1907 साली ‘बास्टेबल विरुद्ध लिटल’ हा खटला झाला. इशारा देणाऱ्यावर आरोप होता पोलिसांच्या कामात अडथळा आणल्याचा. न्यायालयाने म्हटलं, ज्यांना इशारा दिला त्या गाड्या वेगमर्यादा मोडत होत्या असा पुरावाच नाही, मग अडथळा कशाचा? स्काउट सुटला. पुढच्या ‘बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’ खटल्याचा निकाल 1910च्या निकालसंग्रहात पहिल्याच पानावर आहे. इथे गाड्या आधीच मर्यादेबाहेर धावत होत्या. इशारा मिळताच त्या हळू झाल्या आणि पोलीस गोळा करत असलेला पुरावा नाहीसा झाला. हा अडथळाच आहे, असं न्यायालयाने ठरवलं. न्यायमूर्ती डार्लिंग यांनी भर दिला तो हेतूवर : कृती कोणत्या इराद्याने केली, यात गुन्ह्याचं मर्म आहे.

इथे एक आक्षेप लगेच येतो. अहो, कायद्याला तरी काय हवं होतं? गाडी हळू चालावी हेच ना? स्काउटने तेच घडवून आणलं. पोलिसांनी दंड करून जे साधलं असतं ते त्याने फुकटात साधलं! परिणामावरून नीती ठरवणाऱ्यांना हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

आम्हाला तो तसा वाटत नाही, आणि याचं कारण असोसिएशनच्या पुढच्या युक्तीत सापडतं. निकालानंतर इशारा देणं धोक्याचं झालं. तेव्हा त्यांनी पद्धत उलटी केली. गाडीवर संस्थेचा बिल्ला दिसला की स्काउट सलाम ठोकायचा. पुढे सापळा असेल तर ठोकायचा नाही. सदस्यांना छापील सूचना होती की सलाम झाला नाही तर थांबा आणि कारण विचारा. सलाम न केल्याबद्दल कोण कुणाला कोर्टात खेचणार? ही प्रथा 1960च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली.

आता या सलामाचा अर्थ लावून पाहा. न ठोकलेला सलाम म्हणजे ‘पुढे पोलीस आहेत’. मग ठोकलेला सलाम म्हणजे काय? ‘पुढे कुणी नाही, खुशाल हाका.’ पोलीस कुठे आहेत हे सांगण्याच्या पोटात ते कुठे नाहीत हेही सांगितलं जातं. इशाऱ्याने एक फर्लांग वेग उतरतो, आणि पुढच्या दहा मैलांची मोकळीक मिळते. परिणामांचा हिशेब करायचा तर सगळ्या रस्त्याचा करा, एका फर्लांगाचा नको.

इमान्युएल कांटने 1795 साली लिहिलेल्या शांततेवरच्या निबंधात एक कसोटी दिली आहे. इतरांच्या हक्कांशी संबंध असलेल्या कृतीमागचं तत्त्व उघड केलं तर टिकत नसेल, तर ती कृती अन्याय्य. ही कसोटी दोन्ही पक्षांना लावू. ‘आम्ही कुठल्याही रस्त्यावर, केव्हाही वेग मोजू,’ हे पोलिसांना चौकात पाटी लावून सांगता येतं, तरी त्यांचा हेतू बिघडत नाही, उलट साधतो. पण ‘जिथे दंड जास्त जमेल तिथेच आम्ही लपतो,’ हे सांगता येत नाही. स्काउटचंही तसंच. ‘पुढे शाळा आहे, जपून जा,’ हे ओरडून सांगता येतं. ‘तुमचा गुन्हा पकडला जाऊ नये म्हणून मी उभा आहे,’ हे ओरडून सांगता आलं नाही, म्हणून तर मौनाचा सलाम शोधावा लागला. असोसिएशनने ‘थांबा आणि विचारा’ एवढं छापलं, काय विचारायचं ते नाही छापलं.

गंमत अशी की, याच संस्थेने दुसऱ्याही प्रकारचे इशारे दिले. सरकारी पाट्या सर्वत्र येण्याआधी रस्त्यारस्त्यांवर गावांच्या नावांच्या आणि धोक्याच्या हजारो पाट्या लावल्या त्या ऑटोमोबाईल असोसिएशनने. एकच संस्था, इशारे दोन. धोक्याची पाटी चालकाला दुसऱ्याच्या जिवाची आठवण देते. पोलीस आहेत की नाहीत, याने तिचा अर्थ बदलत नाही. स्काउट मात्र चालकाला त्याच्या स्वतःच्या खिशाची आठवण देत होता. आणखी एक, जोखीम कुणाची होती? मोटार मालकाची, वेग मालकाचा, आणि कोर्टात उभा राहिला सायकलवरचा पगारी माणूस.

या सगळ्यात कायद्याचं काय झालं? 20 मैलांची मर्यादा इतकी सर्रास मोडली जाऊ लागली की 1930च्या कायद्याने मोटारींची मर्यादाच काढून टाकली. 1934 साली ब्रिटनच्या रस्त्यांवर 7,343 माणसं मेली. मार्च 1935पासून वस्तीत ताशी 30 मैलांची मर्यादा आली, जूनपासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. त्या वर्षी मृत्यू साडेसहा हजारांच्या आसपास उतरले. श्रेय एकट्या वेगमर्यादेचं नाही, हे उघड आहे. पण 1934च्या चर्चेत मूर-ब्रॅबझन या खासदारांनी काय दाखला दिला माहीत आहे? पूर्वी मोटारीखाली कोंबड्या फार मरत, आता त्या शहाण्या झाल्या आहेत! म्हणजे शिकायचं कुणी, तर पायी चालणाऱ्याने.

प्रश्न अजून मिटलेला नाही. 2005 साली अशाच खटल्यात इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ग्लेंडिनिंग नावाच्या चालकाच्या बाजूने कौल दिला, कारण इशारा मिळालेले लोक वेगमर्यादा मोडत होते किंवा मोडणार होते, हे सिद्ध झालं नव्हतं. म्हणजे शंभर वर्षांनीही 1907 आणि 1910 यांच्या मधल्या रेषेवरच भांडण. आपल्याकडे सरकारी कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणण्याचा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या 186व्या कलमात होता, आता तो भारतीय न्याय संहितेच्या 221व्या कलमात आहे. पण आमचा मुद्दा कलमाचा नाही. कायद्याने स्काउट सुटला म्हणून त्याचं कृत्य चांगलं ठरत नाही, आणि अडकला म्हणून वाईटही ठरत नाही.

मग डिपर मारावा की मारू नये? दरड कोसळली आहे, अपघात झाला आहे, गुरं रस्त्यात आहेत, तर जरूर मारावा. न मारणं हाच दोष. पुढे पोलीस आहेत एवढ्यासाठी मात्र आमच्या मते मारू नये. सापळा अन्यायाने लावला असेल तर त्याविरुद्ध उघड तक्रार करावी, वर्तमानपत्रात लिहावं, मर्यादा चुकीची असेल तर ती बदलून घ्यावी. त्या काळच्या मोटारवाल्यांनी हेही केलं होतं, आणि 1906 साली शाही आयोगाने सरसकट मर्यादा रद्द करण्याची शिफारस केली ती अशाच उघड वादातून. तिथे गावकऱ्यालाही आपलं म्हणणं मांडता येतं. दोन गाड्यांच्या दिव्यांमध्ये जो करार होतो, त्यात रस्ता ओलांडायला कडेला उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारत नाही.

आम्ही इथे थांबतो. ‘पण आमच्या गावच्या नाक्यावर तर पोलीसच…’ असं म्हणायला काहींचे हात केव्हाचे वर आहेत, ते आम्हाला दिसताहेत. आता तुम्ही बोला.