निद्रा आणि स्मरण



परीक्षेचे दिवस जवळ आले कीं आपल्या घराघरांतून जागरणाचा हंगाम सुरू होतो. शेंडी खुंटीला बांधून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी वडील मंडळी अभिमानानें सांगतात. विद्यार्थ्याच्या पांच लक्षणांत श्वाननिद्रा तर आहेच. झोंप ही विद्येची वैरीण, असा आपला समज. तो कितपत खरा, तें आज इतिहासाच्या आधारानें पाहूं.

एका रात्रीच्या अंतरानें पाठांतर अधिक पक्कें होतें, हें रोमन वक्तृत्वाचार्य क्विंटिलियन यानें पहिल्या शतकांतच लिहून ठेविलें होतें. परंतु मोजमाप सुरू झालें तें फार पुढें. १८८५ सालीं हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन पंडितानें स्मरणशक्तीवर एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग व्हावयाचा तोहि तोच. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करावयाच्या, कांहीं काळानें त्याच पुन्हां पाठ करावयाच्या, आणि दुसऱ्या खेपेस किती श्रम वांचले तें मोजावयाचें, अशी त्याची रीत. ही बचत सुमारें नऊ तासांनीं शेंकडा ३६, चोवीस तासांनीं शेंकडा ३४ आणि दोन दिवसांनीं शेंकडा २८ भरली. म्हणजे मधल्या पंधरा तासांत अवघी दोनांची घट, आणि पुढच्या चोवीस तासांत मात्र सहांची! त्या पंधरा तासांचा मोठा भाग रात्रीचा व झोंपेचा होता, हें त्याच्या ध्यानीं आलें होतें. त्यानें तसें नमूदहि केलें. पण झोंपेचा एवढा प्रभाव असेल हें त्याला पटेना. आंकड्यांत कांहीं आकस्मिक दोष शिरला असावा असें मानून तो पुढें गेला.

झोंप आणि जागृति यांची समोरासमोर तुलना करणारा सुप्रसिद्ध प्रयोग अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जेंकिन्स व डॅलेनबाख यांनीं केला आणि १९२४ सालीं प्रसिद्ध केला. विद्यार्थी दोनच. दहा अक्षरसमूह पाठ झाले कीं त्यांनीं कधीं नित्याचे व्यवहार करावे, कधीं झोंपावें. मग एक, दोन, चार किंवा आठ तासांनीं त्यांची परीक्षा घ्यावयाची. आठ तासांच्या जागृतीनंतर दहांपैकीं जेमतेम एक आठवे. तितक्याच झोंपेनंतर निम्म्याच्या आसपास आठवत. जुने ठसे झिजत नाहींत, नवे अनुभव त्यांना दडपतात, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. झोंप म्हणजे केवळ लावलेलें दार, एवढेंच तेव्हां मानलें गेलें.

१९५३ सालीं शिकागो येथें ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं दाखविलें कीं निद्रेच्या कांहीं काळांत पापण्यांआड डोळे वेगानें फिरतात व मेंदू कार्यरत असतो. १९९४ सालीं विल्सन व मॅकनॉटन यांना उंदरांच्या मेंदूंत असें आढळलें कीं, फिरतांना ज्या पेशी एकत्र उद्दीपित झाल्या होत्या, त्या नंतरच्या झोंपेंतहि पुन्हां एकत्र उद्दीपित होतात. दुकानदार दिवसा रोजकीर्दींत नोंदी करतो आणि दुकान बंद झाल्यावर खतावणी करतो, तसाच हा प्रकार.

हें काम जन्मभर चालतें. नवजात बालक दिवसाचे सुमारें सोळा तास झोंपतें, आणि त्यांतील जवळजवळ निम्मा वेळ त्या चंचल नेत्रांच्या निद्रेचा असतो. प्रौढपणीं तें प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास येतें. उतारवयांत गाढ, संथ निद्रा घटते, आणि नवें लक्षांत न राहण्याशीं तिचा संबंध संशोधक जोडतात.

मीं स्वतः माझ्या मुलाला परीक्षेच्या आदल्या रात्रीं दोन वाजेपर्यंत बसविलें आहे. डोळ्यांना पाणी लावून तो वाचीत होता. सकाळीं त्याला सायंकाळचें कांहींच आठवेना, तेव्हां मीं त्यालाच बोल लाविला. एबिंगहाऊसप्रमाणें मींहि पुरावा समोर असतां दुसऱ्याच कारणाकडे बोट दाखविलें. त्याचा प्रमाद आंकड्यांपुरता होता. माझा मात्र एका पोराला सोसावा लागला. आपल्या घरीं उद्यां परीक्षा असेल, तर मुलाचें पुस्तक आपण होऊन मिटावें आणि दिवा मालवावा, एवढीच विनंति.