मराठी चित्रपटातील प्रथम प्रेम : हास्य आणि त्याची मर्यादा

पनवेल तालुक्यातील आपटा हे पनवेल–रोहा लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक आहे. १९९५ साली प्रदर्शित झालेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या हिंदी चित्रपटाचा अखेरचा प्रसंग येथे चित्रित झाला. पडद्यावर मात्र हे स्थानक पंजाबातील म्हणून येते. गाडी सुटलेली आहे, प्रियकर डब्याच्या दारात उभा आहे, आणि फलाटावर पित्याने मुलीचा हात घट्ट धरून ठेवला आहे. अखेर तो हात सोडतो आणि कथा सुखान्त होते. प्रेमाचे साफल्य पित्याच्या अनुज्ञेवर अवलंबून असते, हे सूत्र या प्रसंगाने लोकमानसात दृढ केले. त्यातील नायक-नायिका वयात आलेली आहेत. त्यांच्याहून लहान, कुमारवयातील मुलामुलींच्या पहिल्या प्रेमाची कथा मराठी चित्रपटाने हाती घेतली तेव्हा या सूत्राचे काय झाले, हा प्रश्न विचारार्ह आहे.

अशी कथा मराठीत उशिरा आली, यास सामाजिक कारण आहे. बालपण आणि विवाह यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर असल्याखेरीज कुमारवयातील प्रेमास जागाच उरत नाही. १८९१ च्या कायद्याने संमतिवयाची मर्यादा १० वर्षांवरून १२ वर नेली, तेव्हा पुण्यात केवढे वादळ उठले हे सर्वश्रुत आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान विवाहवय १४ ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. देवलांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) आणि प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) या दोन्ही कृतींच्या मुळाशी असलेला प्रश्न जरठ वराचा आहे. १९३८ साली आचार्य अत्रे यांच्या कथेवरून मास्टर विनायक यांनी ‘ब्रह्मचारी’ काढला व प्रेम हा विनोदाचा विषय केला; परंतु ते वयात आलेल्यांचे प्रेम होते. कुमारवयीनांच्या प्रेमास रंगभूमी मिळाली ती मुलामुलींना एका वर्गात बसविणाऱ्या शाळेने.

म्हणूनच या प्रकारातील महत्त्वाच्या कृतीचे नावच ‘शाळा’ असावे, हे अर्थपूर्ण आहे. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१२ च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. ५९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. काळ आणीबाणीचा, आणि नायक जोशी नववीत शिकणारा. ज्या मुलीवर त्याचे मन जडले तिला तो आडनावानेच ओळखतो : शिरोडकर. हजेरीपटावरील हे आडनावांचे जग वरकरणी समतेचे आहे. वर्गात सारे एकाच बाकावर बसतात. विनोद निर्माण होतो तो न बोलण्यातून. रोज भेटणाऱ्या मुलीस एक वाक्य सांगावयास नायकास जवळजवळ सारे वर्ष लागते. बाहेर देशात बोलण्यावर बंदी आणि आत मनात बोलण्याचे भय, अशी ही जोड आहे. अखेरीस शिरोडकर गाव सोडून जाते. येथे कोणी खलपुरुष नाही; केवळ शालेय वर्ष संपते.

३ जानेवारी २०१४ रोजी प्रदर्शित झालेल्या रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’ने हा विनोद शाळेबाहेर आणला. दगडू परब दहावीत नापास झालेला, चाळीतला. प्राजक्ता लेले शिकलेल्या, शिस्तीच्या घरातली. करमणूक म्हणून आरंभिलेला खेळ दगडूच्या अंगाशी येतो आणि तो खरोखरच प्रेमात पडतो. त्याची भाषा आणि लेल्यांच्या घरातील भाषा यांच्यातील अंतरावर प्रेक्षक पोट धरून हसला. परंतु हे अंतर उच्चारांपुरते नव्हते. हजेरीपटावर निरुपद्रवी वाटणारी आडनावे येथे उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभी राहतात, आणि पित्याचा हात सुटत नाही.

त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १४ फेब्रुवारी रोजी, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. येथेही शाळा आहे आणि वर्गातील मुलीवर, शालूवर, मन जडलेला मुलगा आहे. परंतु जब्या कैकाडी समाजाचा आहे. गावात कुटुंबासह डुकरे पकडण्याची वेळ त्याच्यावर येते तेव्हा कुंपणापलीकडे जमलेले लोक हसतात, आणि त्या हसणाऱ्यांत शालूही असते. प्रथम प्रेमाच्या विनोदी कथेत प्रेक्षक नायकाच्या फजितीस हसतो, तेच हसणे येथे पडद्यावर येऊन उभे राहते. जब्याने अखेरीस भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. सहा आठवड्यांच्या अंतराने आलेले हे दोन चित्रपट परस्परांचे भाष्य म्हणून वाचले पाहिजेत.

दोन्ही प्रवाह मंजुळे यांच्याच ‘सैराट’मध्ये (२९ एप्रिल २०१६) एकत्र आले. पूर्वार्धात विहीर, ट्रॅक्टर, चिठ्ठ्या व मित्रांची थट्टा असा प्रथम प्रेमाचा सारा हर्ष आहे. ‘शाळे’तील मौनाच्या उलट, येथे आर्ची आपण होऊन बोलते. उत्तरार्धात हे जोडपे हैदराबादेस पळून जाते, संसार मांडते, आणि माहेरच्या माणसांच्या हातून मारले जाते. शंभर कोटींची प्राप्ती करणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला. पूर्वार्धास हसलेला प्रेक्षक हा शेवट पाहून निःशब्द बाहेर पडला, ही गोष्टही त्या आकड्याइतकीच नोंदण्यासारखी आहे.

यावरून एक क्रम स्पष्ट होतो. कायद्याने व शाळेने कुमारवयास जो अवकाश दिला, त्यातून ही विनोदी कथा जन्मली. प्रेम वर्गाच्या चार भिंतींत आहे तोवर हास्य टिकते. ते घराच्या उंबरठ्याशी आले की जात प्रकट होते. किमान विवाहवय कायद्याने वाढविता आले, पण जोडीदार निवडण्याचा अधिकार उंबरठ्याच्या आत पोहोचविणे त्यास तितके साधले नाही. आपट्याच्या फलाटावर सुटलेला पित्याचा हात हे म्हणूनच एक सुंदर स्वप्न होय. मराठी चित्रपटाने ते स्वप्न नाकारले नाही. तो हात न सुटल्यास काय होते, तेवढे त्याने हसत हसत आरंभ करून अखेरपर्यंत सांगितले.